परमुलखात गाववाला भेटला तर (अनुभव धागा)

सातारा-सांगलीचा माणूस चार दिवस बाहेर पडला की ओळखीचं, नाहीतर ओळखीच्याच्या ओळखीचं कुणीतरी आडवं येतंच. योगायोग म्हणून आपण सोडून देतो, पण त्यात योगायोग थोडा आणि रस्ते, धंदे, तिथी-वार जास्त. म्हणून हा धागा. 'परवा मला कोण भेटलं माहितंय का' हे किस्से नकोत, ते पारावर. इथं कामाचं लिहा: आपली माणसं कुठं सापडतात, ओळखायची कशी, भेटल्यावर काय करायचं, कुठं घोळ होतो. कुणाचं नाव-नंबर टाकू नका.

विट्याकडून, गलाईतला

कुठल्याही राज्यात, तालुक्याएवढ्या गावातसुद्धा, सराफकट्टा शोधा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ भागातली गलाईवाली (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी) माणसं तिथं असणार. पण समोरच्या चकचकीत पेढ्यांत शोधू नका. दुकान मागच्या बोळात किंवा माडीवर असतं, कारण तेजाबाचा (आम्लाचा) धूर. तांबूस-पिवळा धूर आणि घसा धरणारा वास आला की पत्ता बरोबर आहे. पाटीवर 'टंच' (सोन्याचा कस) हा शब्द स्थानिक लिपीत असला तरी तोलकाटा, भट्टी आणि मुशी (धातू वितळवायची भांडी) दारातूनच दिसतात.

वेळ साधून जा. जुना डाग (दागिना) मुशीत टाकणखार घालून वितळवतात. शुद्ध करायचं असेल तर सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी किंवा तांबं मिसळून पातळ पत्रा करतात आणि तो नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तपकिरी भुकटीसारखं तळाला राहतं. ते धुऊन पुन्हा वितळवायचं. चांदी वाया जात नाही, त्याच पाण्यात तांब्याचे पत्रे टाकून परत मिळवतात. रस ओतायच्या आणि तेजाब उकळायच्या वेळी 'काय पावणं, ओळखलं का' म्हणत आत शिरलात तर तो मान वर करणार नाही. त्याला माज समजू नका, समोर गिऱ्हाइकाचं सोनं आहे. दारातच थांबा. पायाखालच्या धुळीतही सोनं असतं, ती झाडून ठेवतात, झारेकऱ्याला (धुळीतून सोनं काढणाऱ्याला) विकतात. म्हणून चपला बाहेर.

गाव सांगताना नुसतं 'सांगली' सांगू नका. तालुका, मग गाव, मग वाडी किंवा मळा, मग भावकी. चौथ्या पायरीपर्यंत मामाचा नाहीतर मेहुण्याचा धागा लागतोच.

कराड, गाड्यांच्या व्यवहारातला

नंबर प्लेट. एमएच ११ सातारा, एमएच ५० कराड, एमएच १० सांगली, एमएच ०९ कोल्हापूर. पण पाटी बघून हाक मारू नका. कराडला ५० मिळायच्या आधीच्या गाड्या ११ च्याच, त्यामुळं जुनी ११ पाटणची पण असेल. उलट आपली निम्मी पोरं पुण्यात, त्यांच्या गाड्या १२ आणि १४. बीएच मालिकेच्या पाटीवर तर जिल्हाच नसतो. आणि जुनी गाडी दहा हात फिरलेली असते.

त्यापेक्षा काच वाचा. मालट्रकच्या कपाळावर ग्रामदैवत असतं आणि ते फसवत नाही. सिद्धनाथ असला तर म्हसवड किंवा खरसुंडी, यमाई असली तर औंध, पालीचा खंडोबा असला तर कराड-पाटणची बाजू. काळूबाई मात्र मांढरदेवची असली तरी भक्त सगळ्या महाराष्ट्रातले, तिच्यावर पैज लावू नका.

धाब्यावर ओळख काढायची तर ड्रायव्हर जेवून उठल्यावर. गाडीखाली पाना घेऊन शिरलेल्या माणसाला गाव विचारू नये.

पाटण खोरं, सध्या कोपरखैरणे

वाशीच्या बाजार समितीत पाटण, जावळी, कराडची माणसं किती, हे नव्यानं सांगायला नको. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच, आणि माथाडी कायदा १९६९ चा. प्रश्न असतो सापडायचा. 'वाशी मार्केटला असतो' एवढ्यावर माणूस सापडत नाही. बाजार पाच: भाजीपाला, फळं, कांदा-बटाटा, मसाला, धान्य. आधी बाजार विचारा, मग टोळी, मग टोळीचा मुकादम. मुकादमाचं नाव घेतलं की पाच मिनिटांत माणूस पुढ्यात. भाजीपाल्याची घाई पहाटेच्या आधीची, सकाळी दहाला गेलात तर तो झोपायला गेलेला असतो. पाठीवर पोतं असताना हाक मारू नका, मान वळली की तोल जातो.

चैत्र-वैशाखात मुंबईत गाववाला शोधणं फुकट. सगळे यात्रेला गावी. तेव्हा भेट व्हायची तर एसटीच्या रांगेत.

लोणंद

वारीत 'सहज भेटू' म्हणणारे कधी भेटत नाहीत. माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत सोलापूरकडं जाते. माणूस शोधायचा तर दिंडी क्रमांक लागतो, आणि त्याच्यासोबत 'रथापुढं' की 'रथामागं' हे लागतंच लागतं. दोन्हीकडचे क्रमांक एकापासून सुरू होतात. रथामागच्या बारा नंबरवाल्याला रथापुढच्या बारामध्ये शोधत लोकांनी आख्खा मुक्काम घालवलाय.

चालताना शोधू नका, तळावर शोधा. दिंडीच्या ट्रकवर आणि राहुट्यांवर क्रमांक लिहिलेला असतो. मोबाईलवर भिस्त नको, गर्दीत रेंज बसते आणि बॅटरी त्याआधी. हरवलं-सापडलं असेल तर रात्रीच्या समाज आरतीला जा. चोपदारानं दंड उंचावला की टाळ थांबतात आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात.

चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणाला मात्र कुणाला भेटायचा बेत करू नका. तिथं स्वतःच्या दोन पायांवर उभं राहिलात तरी खूप.

आणि गावाकडचं वैर असलेला माणूस समोर आला तर? वाकायचं, 'माउली' म्हणायचं, पुढं चालायचं. तोही वाकतोच. वारीत तेवढी सोय आहे.

मिरज, दवाखान्याच्या परिसरात औषधाचं दुकान

वरचं सगळं आनंदाच्या भेटींचं झालं. इथली भेट वेगळी. आटपाडी, जत, माण, पार कर्नाटकातनं माणसं मिरजेला येतात, आणि आपलं कुणी बघू नये म्हणूनही येतात. त्यांनाच बाकावर शेजारी गावचा माणूस भेटतो.

पहिला प्रश्न 'काय झालंय?' नको. 'कुणाला आणलंय?' तर त्याहून नको. हातातल्या फायलीकडं, दाराच्या पाटीकडं बघायचं नाही. विचारायचं 'जेवलाय का?' किंवा 'गाडी कधीची आहे?' समोरच्याला सांगायचं असेल तर दोन मिनिटांत तो आपणच सांगतो. नसेल तर जेवणाच्या प्रश्नावर त्याची सुटका होते.

समोरचा नजर चुकवत असेल तर आपणही मोबाईल काढावा. ओळख न दाखवणं हीसुद्धा ओळख आहे. नंतर गावात भेटला तर 'मिरजेत दिसला होता' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. मिरजेची बातमी संध्याकाळच्या एसटीनं गावात पोचते आणि पोचेपर्यंत तापाचा कॅन्सर झालेला असतो.

मदत करायची तर नेमकी. 'काय लागलं तर सांगा' याला कुणी काही सांगत नाही. 'मी खाली औषधं आणायला चाललोय, चिठ्ठी द्या' किंवा 'रात्री मी बसतो, तुम्ही पाठ टेका' असं म्हणा. रक्त द्यायची तयारी असेल तर गट आणि शेवटचं कधी दिलं ते सांगा. पुरुषाला तीन महिने झालेले हवेत, बाईला चार. पैसे द्यायचे तर चारचौघांत नाही, आणि आकडा आधी मनाशी ठरवून. भावनेच्या भरात कबूल करून नंतर फोन न उचलणारे इथं फार दिसतात.

सातारा, पेठेतला

मिरजकरांना नमस्कार. माझं एकच, सामान पाठवण्याबद्दल. परगावी गाववाला भेटला की लोक त्याच्या हाती पिशवी देतात. कंदी पेढे पाठवा, खवा जास्त भाजलेला असल्यानं साध्या पेढ्यापेक्षा टिकतात. पण पुठ्ठ्याच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये घाम धरतात. हळद पाठवायची तर दुहेरी पिशवी, नाहीतर नेणाऱ्याचे सगळे कपडे पिवळे. आणि बंद पाकीट कुणाकडून घेऊ नका, कुणाला देऊ नका. आत काय आहे ते दाखवूनच.

वाई

चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही, यावर कुणीच लिहिलं नाही. 'नाव काय तुमचं' विचारलं की समोरचा पडतो. 'तुमचा नंबर बदलला का?' म्हणत फोन त्याच्या हातात द्यायचा, 'टाका बरं'. तो नंबर टाकतो, नावही टाकतो. 'गावाकडं कोण असतं आता?' हाही चालतो, उत्तरात घर कळतं. मात्र 'वडील कसे आहेत?' हा प्रश्न कधीही नको. ते गेलेले असतात आणि दिवसाला आपण हजर होतो.

विट्याकडून, पुन्हा

वाईकरांच्या नंबरला जोड. नुसतं 'पाटील' म्हणून जपून ठेवू नका, आपल्याकडं तसे चाळीस निघतील. आडनाव, गाव, भेटलेलं ठिकाण, या क्रमानं: 'पाटील खानापूर कोइमतूर'. त्या शहरात परत जायची वेळ आली की फोनमध्ये नुसतं शहराचं नाव टाकायचं, माणूस वर येतो.