मणक्यात पसरलेला थायरॉइडचा कॅन्सर: आयोडीनच्या डोसाआधी

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या सासूबाईंचा फॉलिक्युलर कॅन्सर (थायरॉइडच्या कॅन्सरचा एक प्रकार) मणक्यात आणि खुब्यात पसरलाय, आणि त्यावर इथे एकांनी 'आयोडीनचा एक डोस घेतला की झालं' असं लिहिलंय. कृपा करून तेवढ्यावर विसंबू नका. आयोडीन-१३१ (म्हणजे या डोसातलं किरणोत्सर्गी आयोडीन) फुप्फुसातल्या बारीक गाठींवर चांगलं लागू पडतं, पण हाडातल्या मोठ्या गाठींना ते एकटं बहुधा पुरत नाही. जोडीला रेडिएशन किंवा ऑपरेशन लागतं.

माझ्या आत्याच्या वेळी मिरजेत एका ठिकाणी घाईने कॉन्ट्रास्ट (स्कॅन स्पष्ट यावा म्हणून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन काढला. त्या औषधातच आयोडीन असतं! ते अंगात असेपर्यंत गाठी डोसातलं आयोडीन नीट घेत नाहीत, म्हणून डोस पुढे ढकलावा लागला, फार जिवाला लागलं. म्हणून कुठलाही स्कॅन न्यूक्लिअर मेडिसिनच्या (हा आयोडीनचा डोस देणाऱ्या) डॉक्टरांना विचारूनच करा. डोसाआधी पथ्यही असतं. आत्याच्या जेवणात आयोडीन नसलेलं मीठ असायचं; दूध-अंडी-मासळी बंद, बाहेरचं फरसाणसुद्धा नाही. भाकरी आणि त्याच बिनआयोडीनच्या मिठातलं घरचं पिठलं चालायचं.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सुचवतील. त्याआधी दात दाखवून घ्या, कारण नंतर दात काढला तर जबड्याची जखम कधीकधी भरतच नाही. गाठी आयोडीन घेईनाशा झाल्या तर लेनव्हॅटिनिब, सोराफेनिब या गोळ्या आहेत. त्यात बीपीवर लक्ष ठेवावं लागतं.

आणि पायातली ताकद कमी झाली किंवा लघवी अडली, तर मुंबईच्या हॉस्पिटलच्या तारखेची वाट बघू नका. त्याच रात्री मिरजेला न्या आणि मणक्याचा एमआरआय करायला सांगा.