जुन्या पेट्रोल सेडानला प्रीमियम पेट्रोलच लागतं का?

राजारामपुरीकर: राम राम मंडळी. नुकतीच २०१५ ची पेट्रोल सेडान घेतली. दीड लिटरचं साधं इंजिन, टर्बो नाही. पहिल्या मालकानं बजावून सांगितलंय, "हिला कायम प्रीमियमच भरा." रोज गोकुळ शिरगावला जाणं-येणं, अधूनमधून गगनबावड्यावरून कोकणात. परत येताना करूळ घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून बारीक टिकटिक येते. साध्या पेट्रोलमुळं असेल का? लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजायची तयारी आहे, पण उपयोग व्हायला हवा. जाणकारांनी सांगावं.

पंचगंगा_राइडर: मी प्रीमियमच भरतो दादा, गाडी मऊ चालते.

उद्यमनगरवाला: दादा, आधी टाकीचं झाकण उघडून आतला स्टिकर बघा, नाहीतर मॅन्युअल काढा. ऑक्टेन ९१ लिहिलं असेल तर त्या इंजिनाला ९५ किंवा १०० भरून पॉवर वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. सिलिंडरात दाब वाढल्यावर ठिणगीची आग पोहोचायच्या आधीच आपोआप पेट न घेणं, एवढाच त्याचा गुण. जास्त कॉम्प्रेशनच्या आणि टर्बो इंजिनांना तो लागतो. झाकणावर ९५ छापलं असेल तर मात्र काटकसर करू नका.

राहिली टिकटिक. चढाला कमी आरपीएमवर वरचा गिअर ठेवून रेटलं की चांगलं इंजिनही नॉक करतं, म्हणजे पेट्रोल असं आपोआप पेटून टिकटिक येते. आधी दुसरा टाकून बघा. त्यानं थांबली नाही तर एकदाच टाकी रिकामी होत आल्यावर ९५ किंवा त्याच्या वरचं भरून तोच घाट चढा. आवाज गेला तर नॉकिंगच होतं. जुन्या इंजिनात पिस्टनवर कार्बन साचतो, कॉम्प्रेशन वाढतं आणि तो साठाच तापून पेट्रोल आधी पेटवतो. प्लग चुकीच्या हीट रेंजचे (म्हणजे उष्णता बाहेर टाकायच्या क्षमतेचे) असले किंवा कूलंट कमी असलं तरी हेच होतं. प्रीमियमनं आवाज दबतो, कारण तसंच राहतं. आवाज गेलाच नाही तर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट) तपासून घ्या.

साखरपट्टा: एक गोष्ट सगळे विसरतायत. आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ई-२० च्या भारतीय मानकात किमान ऑक्टेन ९५ आहे. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर, म्हणून तो वाढतो. म्हणजे "साधं ९१, प्रीमियम ९५" हा जुना हिशोब आता तसा उरला नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांत इथेनॉल बनतं, त्यामुळं मला या विषयाबद्दल आस्था आहे, पण खरं ते बोललं पाहिजे: लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. मायलेज थोडं घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली आहे. २०१५ च्या गाडीत फ्युएल होज (पेट्रोलची रबरी नळी) आणि ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) एकदा नजरेखालून घाला. वास आला किंवा रबर फुगलेलं दिसलं तर लगेच बदला. आणि ९५ भरलं म्हणजे इथेनॉल टळलं असं समजू नका, त्यातही ते असू शकतं.

पंचगंगा_राइडर: मग मला मऊ वाटतं ते?

उद्यमनगरवाला: भावा, काही प्रीमियममध्ये इंजेक्टर साफ ठेवणारे ॲडिटिव्ह असतात. मळलेले इंजेक्टर असतील तर फरक पडतो, पण त्यासाठी कायम जादा पैसे कशाला? मधूनअधून एखादी टाकी पुरते.

राजारामपुरीकर: झाकणावर ९१ च आहे. दुसऱ्या गिअरला आवाज बराच कमी झाला. प्लग आधी बदलतो, मग ९५ ची एक टाकी टाकून घाट बघतो. प्लग घेताना काय बघायचं?

उद्यमनगरवाला: मॅन्युअलमधलाच नंबर घ्या, हीट रेंज बदलू नका. जुने प्लग फेकू नका, मेकॅनिककडे द्या. टोक पांढरट असेल तर इंजिन गरम चालतंय, काळा काजळीचा थर असेल तर पेट्रोल नीट जळत नाही.