सतरंजी आणि गालिचा: फरक फक्त ऐपतीचा का?

सतरंजी मागितली, तर दुकानातला पोऱ्या 'म्हणजे कार्पेट ना?' म्हणत काहीतरी केसाळ घेऊन आला! आमच्याकडे पंगतीला ती सतरंजी, दिवाणखान्यात तो गालिचा. खरा फरक काय? आणि सतरंजी म्हणजे सात रंगांची, हे बरोबर आहे का?

– सात रंग विसरा. आमच्या सतरंजीत निळा आणि पांढरा, दोनच. शब्द फारसी 'शतरंजी'वरून आलाय, बुद्धिबळाच्या पटासारखी चौकड्यांची ती. शतरंज मुळात आपलंच 'चतुरंग'. इराणात जाऊन नाव बदलून आलं आणि जमिनीवर पसरलं.

– फरक विणीचा आहे हो. सतरंजीत ताण्यातून (उभे धागे) बाणा (आडवा धागा) घालायचा आणि पंजाने, म्हणजे दातेरी हत्याराने, ठोकून बसवायचा. दोन्ही बाजू सारख्या. एक मळली की उलटी घाला. गालिच्यात ताण्याच्या दोन-दोन धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारून टोक कापतात, त्याची लव उभी राहते. काश्मीरमध्ये तर नक्षी 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहितात: कुठल्या रंगाच्या किती गाठी. एकजण वाचतो, बाकीचे विणतात.

– घेताना आधी उलटून बघा. हातविणीचा असेल तर नक्षी मागेही तशीच दिसते, गाठी मोजता येतात. दशा म्हणजे ताण्याचीच टोकं, वरून शिवलेल्या असतील तर शंका घ्या. मी न उलटता घेतला. मागे कापड डकवलेलं निघालं, वर्षभरात खालून डिंकाची भुकटी गळायला लागली. रोज केरसुणी!

– किती गाठी म्हणजे चांगला?

– लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला इराणच्या आर्दाबिलचा गालिचा (१५३९-४०) घ्या, चौरस इंचाला सुमारे ३४० गाठी. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. नक्षी बारीक हवी तर गाठी दाट लागतात. ठसठशीत नक्षीचा, जाड चिवट लोकरीचा गालिचा कमी गाठींतही पिढ्या काढतो.

– भर घालतो. गालिचातला 'चा' बगीचातलाच, फारसीत लहानपणा दाखवणारा. मूळ अर्थ छोटा गालिचा. आपण हॉलभर अंथरला तरी 'चा' तसाच.

– ऐपतीचा मुद्दा अगदीच मोडीत काढू नका. 'पक्षात वीस वर्षं सतरंज्या उचलल्या' असं कार्यकर्ते म्हणतात. गालिचे उचलल्याचं कुणाच्या तोंडून ऐकलंय?