स्केचवही: रेषा पसरतात, पान फुगतं

प्रश्न: रोजच्या फेरफटक्यातली ठिकाणं वहीत रेखाटतो. पेनच्या रेषांवर जलरंग दिला की शाई पसरते, पानही फुगतं. शिवाय इमारत हमखास पानाबाहेर जाते. काय चुकतंय?

उत्तर १: शाई पाण्यात विरघळणारी दिसतेय. पिगमेंट शाईचा (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई) ०.३ मिमीचा वॉटरप्रूफ फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं पेन घ्या, तरी रेषा मिनिटभर सुकू द्या. १०० जीएसएमच्या (कागदाचं वजन, ग्रॅम प्रति चौरस मीटर) कागदाला पाणी झेपत नाही. २००वर हलका हात चालतो, मनसोक्त पाणी हवं तर ३००च. पान ओलं असताना वही मिटू नका, समोरचं पान चिकटतं.

उत्तर २: इमारत खिडकीपासून काढायला सुरुवात करता ना? तिथेच घोळ. आधी पेन्सिलने चार ठिपके द्या: माथा, पाया, दोन्ही कडा. मग डोळ्यांच्या पातळीची आडवी रेषा. या रेषेच्या वर असलेल्या इमारतीच्या आडव्या कडा दूर जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात. सावल्यांची हद्द मात्र सुरुवातीलाच आखा. ऊन सरकतं आणि चित्रात दोन सूर्य दिसू लागतात!

उत्तर १: हो, आणि पिगमेंट शाई साध्या फाउंटन पेनात भरून आठवडेच्या आठवडे ठेवू नका. निब तुंबते.