पणजीतली संध्याकाळ : कोठे बसावे, काय घ्यावे आणि परत कसे यावे?

टिळकवाडीकर :
नमस्कार मंडळी. येत्या एप्रिलमध्ये आमच्या लग्नाला दहा वर्षे होत आहेत, त्यानिमित्त मी आणि माझे यजमान पणजीला जाण्याचा विचार करीत आहोत. बेळगावात गोव्याचे नाव काढले की लोक बागा-कळंगुटच सुचवतात. आम्हाला मात्र कानठळ्या बसवणारे संगीत नको आहे. जेथे एकमेकांशी बोलता येईल आणि बाईमाणसाला अवघडल्यासारखे होणार नाही, असा बार हवा आहे. फेणी आम्ही कधीच घेतलेली नाही. शिवाय रात्रीच चोर्ला घाटातून परत यावे की मुक्काम करावा, हेही कृपया सांगावे.

शहापूरची लेक, सध्या पणजी :
ताई, तुम्ही फोंतेन्हास आणि त्याला लागून असलेल्या साव तोमे या भागातच संध्याकाळ काढा. पोर्तुगीज काळातील रंगीत घरांच्या अरुंद गल्ल्यांत लहान लहान बार आहेत, त्यांना येथे तावेर्न म्हणतात. साव तोमेमधील जोसेफ बार इतका लहान आहे की माणसे पेला घेऊन बाहेर गल्लीतच उभी राहतात, आणि कामावरून सुटलेले पणजीकर व पर्यटक एकमेकांशी सहज बोलू लागतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तेथे मैत्रिणीबरोबर बिचकतच गेले होते, पण कोणी वळूनही पाहिले नाही. त्या मोकळेपणासाठी मला हे शहर फार प्रिय आहे.

तुम्ही एप्रिलमध्ये येत आहात, म्हणजे हुर्राकचा हंगाम असेल. काजूची बोंडे तुडवून काढलेला रस आंबवून भाटीवर, म्हणजे दारू गाळण्याच्या भट्टीवर, एकदा उतरवला की हुर्राक मिळतो आणि पुन्हा उतरवला की फेणी. हुर्राकात मद्यार्क साधारण 15 टक्के असतो, फेणीत 42 टक्क्यांच्या आसपास, म्हणून नवख्या माणसाने हुर्राकपासूनच सुरुवात करावी. लिंबाचा सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो देतात. फेणीचा उग्र वास पहिल्यांदा अनेकांना सोसत नाही, तेव्हा ती थोडीच मागवा आणि सोबत तळलेली मासळी अवश्य घ्या. गोव्याच्या काजूफेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे येथील गावागावांतले कसब आहे, आणि स्वस्त दारू म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांनी तिची चव कधी नीट घेतलेलीच नसते, असे माझे ठाम मत आहे.

संगीत ऐकायचे असेल तर लवकर निघा, कारण रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. मिरामारच्या वाळूत बसून मात्र पिऊ नका. समुद्रकिनाऱ्यावर मद्यपान केल्यास दंड होतो.

खानापूरकर :
वरील माहिती उत्तम आहे, मी फक्त परतीबद्दल लिहितो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही चौघे मित्र पणजीहून रात्री 11 वाजता निघालो. गाडी मी चालवत होतो आणि मी थेंबही घेतला नव्हता, तरीही साखळी गाव मागे पडल्यावर चोर्ल्यात असे दाट धुके लागले की पुढचे वळण दिसेना आणि गाडी कठड्याला घासली. घाटापलीकडचे कणकुंबी गाव येईपर्यंत कोणी एक शब्द बोलले नाही. एप्रिलमध्ये धुके नसले तरी वळणे तीच असतात. तुम्ही दोघेही पिणार आहात, तेव्हा कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहनाच्या, बसने जा आणि मुक्काम करा. कायद्याने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्क ही चालकासाठी मर्यादा आहे. त्यापुढे गेल्यास पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

टिळकवाडीकर :
दोघांचेही मनापासून आभार. फोंतेन्हासमध्येच खोली घेऊन चालत फिरायचे, असे आम्ही ठरवले आहे. सासऱ्यांसाठी हुर्राकची एक बाटली आणली तर चालेल का?

शहापूरची लेक, सध्या पणजी :
ताई, परवान्याशिवाय गोव्यातील मद्य कर्नाटकात नेता येत नाही आणि कणकुंबीला तपासणी होते. हुर्राक तसाही फार दिवस टिकत नाही, तो ताजाच प्यायचा असतो. सासऱ्यांनाच एकदा पणजीला घेऊन या.