दुकान आणि ७० मीटरवरचं गोडाऊन: सहा वायर्ड कॅमेऱ्यांसाठी ३+१ केबल की कॅट-६?

निफाडकर_कृषी

नमस्कार मंडळी. समोर कृषी सेवा केंद्राचं दुकान आणि आवारातच मागे ७० मीटरवर खताचं पत्र्याचं गोडाऊन आहे. गोडाऊनचं मीटर आणि अर्थिंग वेगळं. दुकानात तीन कॅमेरे (काउंटर, शटर, रॅक), गोडाऊनला दोन आणि गेटला एक लावायचाय.

मिळालेलं कोटेशन असं: ५ मेगापिक्सेलचे अ‍ॅनालॉग एचडी कॅमेरे, आठ चॅनेलचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), सगळीकडे ३+१ केबल (चित्रासाठी एक कोअॅक्स तार आणि सोबत पॉवर वगैरेसाठी तीन बारीक तारा), दुकानात १२ व्होल्ट १० अँपिअरचा एकच एसएमपीएस (पॉवर सप्लाय), १ टीबी हार्डडिस्क. गोडाऊनची केबल बोअरच्या वायरच्या पाइपातूनच नेऊ म्हणतात. रेकॉर्डिंग किमान २० दिवसांचं हवं. यात काय बदलावं?

तारजोडी

भाऊ, एसएमपीएस पुरेसा आहे, वांधा तारेत आहे. ३+१ मधल्या पॉवरच्या तारा बारीक असतात. छेद ०.३ चौरस मिमी धरा आणि तांबं शुद्ध धरा, तरी ७० मीटर जाऊन-येऊन रोध साधारण ८ ओहम होतो. रात्री आयआर एलईडी (अंधारात बघण्यासाठीचे अदृश्य प्रकाशाचे दिवे) लागले की कॅमेरा ०.४ अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे वाटेतच ३ व्होल्ट गळाले आणि कॅमेऱ्याला जेमतेम पावणेनऊ मिळाले. मग दिवसभर चित्र छान आणि अंधार पडला की कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू. अशा वेळी कॅमेराच खराब समजून बदलला जातो आणि नवाही तसाच वागतो.

आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे आणि पीओई (एकाच नेटवर्क केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही) घ्या. त्यात वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते, करंट कमी, त्यामुळे तेवढ्याच अंतरात गळती व्होल्टभराचीच. दुकान आणि गेट मिळून कॅट-६ (आठ तारांची नेटवर्क केबल) चा ३०५ मीटरचा एक बॉक्स पुरतो. मात्र शुद्ध तांब्याचाच घ्या. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चकाकली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. रोध जास्त, आणि क्रिम्प केलेल्या (पिन दाबून बसवलेल्या) टोकाशी थोडं हललं तरी तुटतं. स्विचवर (सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा) ८०२.३एएफ, म्हणजे पीओईचं प्रमाणित मानक, लिहिलंय का बघा. नुसतं ‘पीओई’ लिहिलेले काही स्वस्त स्विच समोर काय जोडलंय न तपासता थेट व्होल्टेज सोडतात.

क्रिम्पिंगला दोन्ही टोकांना एकच क्रम: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे लागल्याशिवाय कॅमेरा चढवू नका. मधे जॉइंट कुठेच नको.

गोदाकाठ

वरच्याशी सहमत, पण गोडाऊनपर्यंत तांब्याची डेटा केबल नेऊच नका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असलं की त्यांच्यात थोडाफार व्होल्टेजचा फरक राहतोच. कोअॅक्सवर त्यामुळे चित्रात आडवे पट्टे सरकतात. आणि जवळपास वीज पडली की हाच फरक क्षणात वाढतो आणि तारेच्या दोन्ही टोकांची उपकरणं जातात. पत्र्याचं गोडाऊन आणि उघडं आवार, त्यामुळे हा धोका तुम्हाला खराच आहे.

दोन कोअरची सिंगल-मोड फायबर (प्रकाशाने डेटा नेणारी काचेची केबल) टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याच्या केबलची सांगड घालणारी डबी) लावा. एकाच कोअरवर चालणारे कन्व्हर्टर घेतलेत तर एक ‘ए’ आणि दुसरा ‘बी’च हवा, दोन्ही ‘ए’ आले तर लिंक लागत नाही. बाहेरून टाकायच्या फायबरला आधाराची लोखंडी तार असते, ती दोन्ही इमारतींबाहेरच छाटा. ती आत आली तर फायबर टाकण्याचा अर्थच उरत नाही.

गोडाऊनमध्ये चार पोर्टचा पीओई स्विच बंद डबीत ठेवा आणि केबल डबीत खालून ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणारी रबरी सील) घ्या. खत हवेतला ओलावा ओढतं आणि ती ओलसर धूळ पिना खाते.

बोअरच्या पाइपाचं: फायबरला मोटरच्या तारेचा त्रास नाही, तरी २५ मिमीचा वेगळा पाइपच टाका. उद्या मोटरची वायर ओढताना फायबर तुटेल. दुकानातली कॅट-६ मात्र लाइटच्या वायरिंगपासून फूटभर लांब ठेवा. ओलांडावी लागली तर काटकोनात.

निफाडकर_कृषी

फायबर नक्की. लेन्स कोणती घ्यावी? सगळीकडे २.८ मिमी सांगितलीय.

तारजोडी

काउंटर आणि रॅकला २.८ ठीक. ४ मेगापिक्सेलला ती १०० अंशांच्या आसपास दाखवते, पण अनोळखी माणसाचा चेहरा पटण्याइतका साधारण चार मीटरपर्यंतच. गेटला ६ मिमी घ्या. दहा मीटरवरचा चेहरा मिळतो. उंची आठ-नऊ फूट. त्याहून वर चढवलात तर टोप्याच दिसतील. शटरकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याला १२० डीबी डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही एकाच वेळी नीट दाखवणारी सोय) हवाच, नाहीतर दुपारी आत येणारा माणूस नुसता काळा दिसतो. पांढरी भिंत किंवा पत्र्याची पन्हळ भिंगाच्या अगदी कडेला नको, आयआर तिच्यावर आपटून रात्री धुकं दिसतं.

रेकॉर्डरूम

हार्डडिस्कचा हिशोब करा. एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) वर २ एमबीपीएस धरलं तर एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो, सहा मिळून सुमारे १३० जीबी. १ टीबी आठवडाभरात भरते. ४ टीबीची सर्व्हेलन्स डिस्क घ्या, महिनाभर चालेल. दुकानातला एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), राउटर, स्विच आणि कन्व्हर्टर यूपीएसवर ठेवा. गोडाऊनच्या स्विचला आणि कन्व्हर्टरला वेगळा छोटा यूपीएस, नाहीतर लाइट गेली की नेमकं तिथलंच रेकॉर्डिंग थांबेल.

एनव्हीआरची वेळ एनटीपीवर (इंटरनेटवरून आपोआप जुळणारं घड्याळ) लावा, झोन +५:३०. चोरी झाली तर फुटेज कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅशही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) नोंदवावा लागतो. घड्याळ वीस मिनिटं चुकलेलं असेल तर तिथेच प्रश्न निघतात. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडू नका, ती वाट आपोआप उघडणारं यूपीएनपी बंद करा, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड इन्स्टॉलर गेल्यावर स्वतः बदला. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्याच मॉडेलचं प्रमाणपत्र मागा.