पुण्यातल्या वाचनालयांनी इन्स्टाग्रामवर यावं का?

पेठेतला (धागाकर्ता)
न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१८ मध्ये इन्स्टाग्राम स्टोरीजवर अख्ख्या अभिजात कादंबऱ्या वाचायला दिल्या. अंगठा दाबून धरला की पान थांबतं, सोडला की पुढचं येतं. आपलं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, त्या संस्थेहून ४७ वर्षांनी थोरलं. ते कुठे आहे हे माझ्या ऑफिसातल्या निम्म्या पोरांना ठाऊक नाही. जुने शिक्के, तारखांच्या चिठ्ठ्या, कापडी बांधणी यांच्या रील्स लोक आवडीने बघतील.

मुठाकाठ
बघतील आणि पुढे सरकतील. समजा आलाच एखादा, तर? मी जिथे वर्गणी भरतो तिथली कपाटं कुलपात. यादी चाळा, चिठ्ठीवर नंबर लिहा, आणि काउंटरवरून ऐका, "बाहेर गेलंय." न्यूयॉर्कमध्ये शहरातल्यांना कार्ड फुकट मिळतं आणि २०२१ पासून उशिराचा दंडही नाही. लोक त्यासाठी जातात. इन्स्टा नंतरचं.

पेठेतला
तिथे मोठा वाटा शहराच्या तिजोरीतून येतो. इथे वर्गणी बंद केली तर दिवे कोण लावणार?

निवृत्त ग्रंथपाल
मुद्दा इथेच आहे. कर्नाटकात मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय उपकर असतो. आपल्या १९६७ च्या कायद्यात असा उपकरच नाही. वाचनालयाचा अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो आणि त्याप्रमाणे सरकारी अनुदान. पगार त्यातूनच, खरेदीही त्यातूनच. देवघेव सांभाळणाऱ्या बाईंनीच आता रील काढायची का? आणि कपाटं हौसेने बंद ठेवत नाहीत हो. उघडी ठेवली की पुस्तकं जातात, किंवा भलत्याच फळीवर सापडतात. तेही गेल्यातच जमा.

कोथरूडकरीण
काका, अनुदानाचं पटलं, बाकीचं नाही. नव्या पुस्तकांचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला कोणता वर्ग लागतो? आमच्या सोसायटीतल्या चार आज्या तेवढ्यावर सभासद होतील. त्यांना इन्स्टा नकोच आहे.

पेठेतला
+१. सुरुवात तिथूनच करू.

मुठाकाठ
टाका की. खाली लगेच विचारतील, "यातलं तिसरं आहे का? ठेवून द्याल का?" त्याला उत्तर कोण देणार, तेवढं आधी ठरवा.